यॉर्कची घोस्ट वॉक: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

गेली काही वर्षे मी लीड्समध्ये राहते. भारतातून येणारे नातेवाईक, कंपनीत नव्याने रुजू झालेले सहकारी आणि विद्यापीठात शिकायला आलेली भाचरे यांना घेऊन मी यॉर्कच्या घोस्ट वॉकला आतापर्यंत सात वेळा गेले आहे. त्यातल्या पहिल्या दोन खेपा वाया गेल्या. पहिल्या वेळी जून महिना होता आणि आम्ही लख्ख उजेडात भुतांच्या गोष्टी ऐकत उभे होतो. दुसऱ्या वेळी शनिवारच्या गर्दीत पन्नासएक माणसांच्या मागे उभे राहावे लागल्यामुळे गाइडचे एक वाक्यही धड कानावर पडले नाही. पुढच्या पाच वेळी मात्र जे ऐकायला मिळाले ते इतके मोलाचे होते की, पहिल्यांदा जाणाऱ्या कुणाचीही संध्याकाळ आमच्यासारखी फुकट जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. घोस्ट वॉक ही पाहण्याची नव्हे, ऐकण्याची गोष्ट आहे आणि ऐकण्यासाठी थोडी पूर्वतयारी लागते. नारायणराव पेशवे कोण आणि १७७३ साली त्यांचा खून का झाला, यातले काहीच ज्याला ठाऊक नाही अशा पाहुण्याला शनिवारवाड्याच्या दारात उभे करून ‘काका, मला वाचवा’ ही हाक सांगून पाहा. त्याला ती नुसती एक आरोळी वाटेल. यॉर्कमध्ये त्या पाहुण्याच्या जागी आपण असतो. म्हणून तिकीट, गाडी आणि बूट यांच्याइतकीच जागा मी येथे त्या गोष्टींमागच्या इतिहासालाही दिली आहे.

१. आपण नेमके कशाला जात आहोत, ते समजून घ्या

यॉर्क हे उत्तर इंग्लंडमधले ऊझ नदीवरचे शहर आहे. रोमनांनी इ. स. ७१ मध्ये येथे लष्करी तळ वसवला, ८६६ मध्ये व्हायकिंगांनी शहर जिंकले, आणि मध्ययुगात ते उत्तर इंग्लंडचे सर्वांत महत्त्वाचे ठाणे बनले. समुद्रावरून येणारा माल नदीतूनच शहरात यायचा, त्यामुळे घाट, बाजार, पूल, तुरुंग आणि चर्च हे सारे तटाच्या आत दाटीवाटीने वसले. भुतांच्या गोष्टी जिथे घडल्या असे सांगतात त्या जागाही म्हणूनच एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आहेत, आणि तासाभरात पायी फिरून त्या ऐकता येतात.

घोस्ट वॉक म्हणजे हेच पायी फिरणे. काळा कोट आणि उंच टोपी घातलेला गाइड संध्याकाळी ठरलेल्या जागी उभा असतो. तो तुम्हाला तास-सव्वा तास गल्लीबोळांतून फिरवतो आणि ठिकठिकाणी थांबून गोष्टी सांगतो. १९७३ मध्ये सुरू झालेली ‘द ओरिजिनल घोस्ट वॉक ऑफ यॉर्क’ ही जगातली सर्वांत जुनी घोस्ट वॉक असल्याचे तिचे चालक सांगतात. आज शहरात अशा अनेक फेऱ्या निघतात.

या फेरीत सहसा कोणत्याही इमारतीच्या आत नेत नाहीत. सगळे ऐकणे रस्त्यावर, उघड्यावर होते. जुन्या इमारतीत रात्रभर उपकरणे घेऊन बसण्याचे कार्यक्रम वेगळे असतात आणि त्यांचे शुल्कही पुष्कळ जास्त असते. त्यामुळे केवळ नावावरून ठरवू नका. ‘हंट’ असे नाव असलेली फेरीही चालत चालत गोष्टी ऐकण्याचीच असू शकते. पैसे भरण्यापूर्वी वर्णन पूर्ण वाचा.

२. महिना आणि वार विचारपूर्वक ठरवा

नवख्या माणसाची सर्वांत मोठी चूक येथे होते. भारतात संध्याकाळी आठ म्हणजे अंधार हे इतके गृहीत असते की दुसरा विचार मनातच येत नाही. यॉर्कमध्ये जूनच्या अखेरीस सूर्य साडेनऊनंतर मावळतो. आठला सुरू झालेली फेरी सव्वानऊला संपते तेव्हाही आकाशात उजेडच असतो. माझी आई त्या वेळी पुण्याहून आली होती. हाताची ओंजळ डोळ्यांवर धरून, उन्हाची तिरीप चुकवत तिने कवटीची गोष्ट ऐकली आणि शेवटी ‘बाई चांगली बोलते हो’ एवढेच म्हणाली.

त्यामुळे मे ते ऑगस्ट शक्यतो टाळा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात. त्यानंतर साडेचार-पाचलाच अंधारते, आणि डिसेंबरच्या मध्याला तर पावणेचारलाच सूर्यास्त होतो. माझ्या मते नोव्हेंबरचे पहिले पंधरा दिवस आणि जानेवारीअखेर ते मार्चचा मध्य हा काळ सर्वांत चांगला. थंडी असते, पण अंधार पुरता असतो आणि माणसे कमी असतात.

हॅलोविनचा आठवडा वातावरणासाठी मोहात पाडतो, पण त्याच सुमारास शाळांना सुट्टी असल्याने गर्दी उसळते. नोव्हेंबरच्या मध्यानंतर नाताळचा बाजार भरतो. त्या दिवसांत शनिवारी दुपारनंतर मध्यवर्ती रस्त्यांवर पाऊल ठेवायलाही जागा नसते. नेव्हस्मायर मैदानावर घोड्यांच्या शर्यती असतील तेव्हा, आणि एरवीही शनिवारी रात्री, लग्नापूर्वीच्या मेजवान्यांसाठी आलेले घोळके मोठमोठ्याने गात रस्त्यातून जातात आणि गाइडचा आवाज त्यात बुडून जातो. सोमवार ते गुरुवार यांपैकी एखादा दिवस मिळाला तर तोच घ्या.

३. फेरी निवडा

ढोबळ मानाने तीन प्रकार आढळतात. काही गाइड शांतपणे गोष्ट सांगतात आणि इतिहासावर भर देतात. काही फेऱ्यांमध्ये विनोद आणि नाट्य जास्त असते आणि प्रेक्षकांपैकी कुणाला तरी पुढे बोलावले जाते. तिसरा प्रकार बसमधून शहर दाखवण्याचा. इंग्रजी ऐकण्याची सवय नुकतीच होत असेल तर पहिला प्रकार घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. विनोद समजायला तिथल्या बोलीची आणि तिथल्या टीव्हीवरच्या संदर्भांची ओळख लागते, गोष्ट समजायला तेवढी लागत नाही. बस चालण्याचा त्रास असणाऱ्यांसाठी सोयीची आहे, परंतु बोळात उभे राहून ऐकण्याचा अनुभव तिच्यात मिळत नाही.

लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचताना ताऱ्यांकडे कमी आणि शब्दांकडे जास्त लक्ष द्या. ‘आवाज शेवटपर्यंत ऐकू आला’, ‘गट लहान होता’, ‘प्रश्नांना उत्तरे दिली’ असे उल्लेख असतील तर ती फेरी बहुधा चांगली असते. नुसते ‘खूप हसलो’ असे असेल तर तो दुसरा प्रकार समजावा.

पायी फेरीचे शुल्क माणशी दहा पौंडांच्या आतबाहेर असते. काही ठिकाणी आधी नोंदणी करावी लागते, तर काही ठिकाणी थेट जागेवर जाऊन गाइडला पैसे द्यायचे असतात. सुरुवातीची जागा, पैसे देण्याची पद्धत, पावसात फेरी निघते की नाही आणि गटात जास्तीत जास्त किती माणसे घेतात, या चार गोष्टींची खात्री त्यांच्या संकेतस्थळावर त्याच आठवड्यात करून घ्या. जुन्या लेखांतल्या वेळांवर विसंबू नका.

४. गाडी आणि मुक्काम

लीड्सहून यॉर्क रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत येते. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून जलद गाडीने सुमारे दोन तास लागतात. अंतर एवढे कमी वाटल्यामुळे लंडनची मंडळी त्याच दिवशी परतायचा बेत आखतात, आणि येथेच फसतात. फेरी सव्वानऊ-साडेनऊला संपते आणि त्यानंतर लंडनकडे जाणारी सोयीची गाडी मिळण्याची आशा धरू नये. लंडनहून येणार असाल तर रात्रीचा मुक्काम धरूनच बेत करा. लीड्सकडे उशिरापर्यंत गाड्या असतात, तरीही शेवटच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवा. रविवारी रुळांच्या दुरुस्तीमुळे गाडीऐवजी बस लावली जाण्याची शक्यता असते, तेही तपासा.

मुक्काम तटाच्या आत किंवा स्टेशनजवळ घेतला तर रात्री पायी परतता येते. मोटारीने जाणार असाल तर शहराच्या बाहेर गाडी लावून बसने आत येण्याची सोय आहे, पण परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते आधी विचारा.

५. कागदपत्रे आणि सामान

घोस्ट वॉकसाठी ओळखपत्र लागत नाही. तरीही पुढील गोष्टी जवळ असाव्यात:

• फेरीच्या नोंदणीचा संदेश, फोनमध्ये जतन करून. जुन्या शहराच्या अरुंद बोळांत नेट कधीकधी चालत नाही, म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवा.
• गाडीचे तिकीट, आणि रेलकार्डावर सवलत घेतली असेल तर ते रेलकार्ड. कार्ड दाखवता आले नाही तर सवलतीचे तिकीट ग्राह्य धरत नाहीत.
• पबमध्ये मद्य घ्यायचे असेल आणि तुम्ही पंचवीसच्या आतले दिसत असाल तर वयाचा पुरावा मागतात. पासपोर्ट किंवा ब्रिटिश वाहन परवाना चालतो. आधार कार्डाची छायाप्रत चालेल, या भरवशावर राहू नका.
• थोडी रोख रक्कम, सुट्ट्या नोटांत.
• पाऊस अडवणारे, टोपी असलेले जाकीट. छत्री नको. गल्ली अरुंद असते आणि उघडलेली छत्री मागच्याचे दिसणेही बंद करते आणि ऐकणेही.
• जाड सोलचे, न घसरणारे बूट. दगडी फरसबंदी ओली झाली की निसरडी होते.
• हातमोजे आणि कानटोपी. चालताना थंडी वाजत नाही, पण एका जागी दहा मिनिटे उभे राहिले की नदीवरचा वारा झोंबतो. कानटोपी मात्र गोष्ट सुरू होताच कानांवरून वर सरकवा.

६. चार शब्द शिकून घ्या

यॉर्कमध्ये रस्त्यांच्या नावात ‘गेट’ येते. स्टोनगेट, गुडरॅमगेट, मिकलगेट. हे गेट म्हणजे दरवाजा नव्हे. व्हायकिंगांच्या भाषेत ‘गाटा’ म्हणजे रस्ता, त्यातून ते आले आहे. खऱ्या वेशीच्या दरवाजाला येथे ‘बार’ म्हणतात. मिकलगेट बार म्हणजे मिकलगेट रस्त्यावरची वेस, दारूचे दुकान नव्हे. ‘स्टेथ’ म्हणजे नदीवरचा माल उतरवण्याचा घाट. किंग्ज स्टेथ म्हणजे राजाचा घाट, हे मनात धरले की सारे चित्र आपल्याला ओळखीचे वाटू लागते. ‘स्निकेट’ आणि ‘जिनेल’ म्हणजे बोळ. गाइडच्या बोलण्यात हे शब्द सतत येतात आणि तिथेच नवख्याचा धागा तुटतो. माझ्याबरोबर आलेल्या एका सहकाऱ्याने ‘डोके बारवर टांगले’ हे वाक्य ऐकून संपूर्ण गोष्ट पबमध्ये घडली असे समजून घेतले होते.

७. दुपारी तोच भाग उजेडात पायी पाहा

हा टप्पा कुणीही वगळू नये. दुपारी दोन-अडीच तास हाताशी ठेवा आणि पुढील क्रमाने फिरा. रात्री फेरीचा मार्ग वेगळा असला तरी यातल्या निम्म्या जागा तरी त्यात येतातच.

सुरुवात ऊझ ब्रिजपासून करा. आजचा पूल एकोणिसाव्या शतकातला आहे. त्याच्या जागी पूर्वी जो पूल होता त्यावर घरे, चॅपेल आणि तुरुंग होता. २५ मार्च १५८६ रोजी येथल्या टोलच्या इमारतीत मार्गारेट क्लिदरो या स्त्रीला ठार करण्यात आले. ती शॅम्बल्स या गल्लीतल्या एका खाटकाची बायको. राणी एलिझाबेथच्या काळात कॅथलिक धर्मगुरूंना आसरा देणे हा देहदंडाचा गुन्हा होता आणि तो तिने केला होता. न्यायालयात तिने आरोप मान्यही केला नाही आणि नाकारलाही नाही, कारण खटला चालला असता तर तिच्या मुलांना साक्षीला उभे केले गेले असते. उत्तर न देणाऱ्याला त्या काळी दगडांखाली चिरडण्याची शिक्षा होती. तिला आडवे निजवून तिच्याच घराचे दार तिच्या अंगावर ठेवले आणि त्यावर दगड रचले. १९७० मध्ये पोपने तिला संतपद दिले. तिचा हात मिकलगेट बारच्या बाहेर असलेल्या बार कॉन्व्हेंटमध्ये जपून ठेवला आहे.

पुलावरून खाली किंग्ज स्टेथवर उतरा. तेथे ‘किंग्ज आर्म्स’ नावाचा जुना पब आहे. ऊझला पूर आला की या पबमध्ये हमखास पाणी शिरते, आणि पूर वर्षातून अनेकदा येतो. दाराशी पुराच्या पातळ्या नोंदवून ठेवल्या आहेत. नोव्हेंबर २००० मध्ये नदी नेहमीच्या पातळीच्या सुमारे ५.४ मीटर वर चढली होती. मी त्या खुणेशेजारी उभी राहिले तेव्हा ती माझ्या डोक्याच्या पुष्कळ वर होती. कृष्णेच्या किंवा पंचगंगेच्या काठी वाढलेल्या माणसाला भिंतीवरच्या अशा खुणा काय सांगतात, ते वेगळे समजावायला नको.

तेथून पेव्हमेंट या रस्त्याने शॅम्बल्समध्ये शिरा. ही खाटीक आळी. वरचे मजले पुढे इतके झुकलेले आहेत की समोरासमोरच्या खिडक्यांतून हात लांब केले तर एकमेकांना लागतील असे वाटते. दुकानांच्या खिडक्यांखालच्या रुंद फळ्या पाहा. मांस मांडून ठेवायला त्या होत्या, आणि काही ठिकाणी वर आकडेही अजून आहेत. येथे मार्गारेट क्लिदरोच्या स्मरणार्थ एक लहानसे प्रार्थनास्थळ आहे. तेथे बसायला मिळते आणि बाहेरच्या गर्दीचा आवाज एकदम कमी होतो.

पेव्हमेंटवरच २२ ऑगस्ट १५७२ रोजी नॉर्थम्बरलंडचा सातवा अर्ल, टॉमस पर्सी, याचा शिरच्छेद झाला. १५६९ मध्ये राणीविरुद्ध झालेल्या उठावाचा तो एक म्होरक्या होता. त्याचे डोके मिकलगेट बारवर लावले गेले. आपले डोके शोधत तो गुडरॅमगेटवरच्या होली ट्रिनिटी चर्चच्या आवारात फिरतो, अशी गोष्ट सांगतात. शॅम्बल्सच्या दुसऱ्या टोकाला किंग्ज स्क्वेअर ओलांडून गुडरॅमगेटवर आलात की डाव्या हाताला एक छोटी कमान दिसेल. ती अगदी सहज नजरेतून सुटते. आत हे चर्च आहे. खेटरांच्या खणासारखी, पण माणूस मावेल एवढी लाकडी बंद बाके तेथे दोन्ही बाजूंना आहेत आणि जमीन खालीवर झाली आहे. रात्री ते बंद असते, म्हणून दुपारीच पाहा.

पुढे कॉलेज स्ट्रीटवर यॉर्क मिन्स्टरच्या, म्हणजे शहराच्या मुख्य कॅथेड्रलच्या, पूर्व बाजूला जुन्या घरांची रांग आहे. प्लेगची लागण झालेले घर बाहेरून बंद करून त्यावर खूण करत. अशा एका घरात आईबाप गेल्यावर एकटी मागे राहिलेली मुलगी खिडकीतून रस्त्याकडे पाहत राहिली, ही गोष्ट येथे सांगतात. तिला कागदोपत्री पुरावा नाही. पण १६०४ च्या साथीत यॉर्कमध्ये हजारो माणसे मेली हे खरे आहे, आणि घरे अशी बंद केली जात हेही खरे आहे. ती वरची लहान खिडकी उजेडात एकदा नीट पाहून ठेवा. रात्री गाइड बोट दाखवेल तेव्हा दिव्यांच्या उजेडात ती शोधण्यात अर्धी गोष्ट निघून जाते.

शेवटी ट्रेझरर्स हाउस या जुन्या घरापाशी या. त्याविषयी नवव्या टप्प्यात लिहिले आहे. वेळ असेल तर पैसे भरून आत जा, आणि तळघर पाहण्याची सोय त्या दिवशी आहे का ते दारावरच विचारा.

क्लिफर्ड्स टॉवर या मार्गावर येत नाही, परंतु त्याविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १६ मार्च ११९० रोजी यॉर्कमधल्या सुमारे दीडशे ज्यूंनी जमावापासून वाचण्यासाठी येथल्या लाकडी बुरुजात आसरा घेतला. बाहेर जमाव मारायला टपलेला होता. सुटका नाही हे पाहून बहुतेकांनी आतच आपल्या हातांनी आपला आणि आपल्या माणसांचा शेवट केला, आणि जिवाच्या हमीवर बाहेर आलेल्यांना जमावाने मारले. आजचा दगडी बुरूज त्यानंतरच्या शतकातला आहे. पायथ्याशी १९७८ मध्ये बसवलेला स्मृतिफलक आहे. या जागेचीही भुताची गोष्ट काही ठिकाणी सांगितली जाते. मी माझ्याबरोबरच्या मंडळींना येथे दिवसा नेते, फलक वाचायला सांगते, आणि भुतांचा विषय काढत नाही. तुम्हीही तसेच करावे असे मला मनापासून वाटते.

८. घाटावर वेळेपूर्वी पोहोचा

सांगितलेल्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटे आधी पोहोचा. स्टेशनपासून ऊझ ब्रिज रमतगमत पंधरा मिनिटांवर आहे. ज्या फेऱ्या किंग्ज स्टेथवरून निघतात त्या पुराच्या दिवसांत पुलाच्या वरच्या बाजूला किंवा जवळपास जमतात, कारण घाटच पाण्याखाली असतो. पाऊस पडून गेल्यावर त्या दिवशी सकाळी सरकारच्या पूरसूचनेच्या संकेतस्थळावर यॉर्कची नदीपातळी पाहता येते. तेथील मोजणीच्या जागेचे नाव ‘व्हायकिंग रेकॉर्डर’ असे आहे. पाऊस यॉर्कमध्ये पडला नसला तरी वरच्या डोंगराळ भागातून पाणी एखाद-दोन दिवसांनी येते, म्हणून शहरातले आकाश पाहून अंदाज बांधू नका.

एकाच परिसरातून एकाहून जास्त फेऱ्या निघू शकतात. काळा कोट दिसला म्हणून मागे चालू लागू नका. गाइडला फेरीचे नाव विचारून घ्या. स्वच्छतागृहाला आधीच जाऊन या. मध्ये कुठेही थांबायची सोय नसते.

९. फेरी सुरू झाल्यावर

दोन थांब्यांमध्ये चालताना गाइडच्या मागोमाग, पहिल्या दहा माणसांत राहा. हा एक नियम पाळला तर बाकी सगळे आपोआप जमते. मागे रेंगाळणारा माणूस प्रत्येक थांब्यावर गोष्टीच्या मध्यात पोहोचतो. थांबल्यावर गाइडच्या तोंडासमोर, किंचित बाजूला उभे राहा आणि पाठीशी भिंत असेल अशी जागा पकडा. भिंतीमुळे आवाज परत येतो आणि जास्त स्पष्ट ऐकू येतो.

चित्रीकरण करू नका. परवानगी असली तरी करू नका. फोनचा उजेड भोवतालच्या सगळ्यांच्या डोळ्यांना सवय झालेला अंधार घालवतो. बोळांवर लोकांच्या खिडक्या आहेत. तेथे मुले झोपलेली असतात. ओरडायचे ते गाइडने सांगितले तरच. मध्येच कुणीतरी दचकवायला अंगावर येण्याचे प्रकार काही फेऱ्यांत असतात. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावे.

आता ट्रेझरर्स हाउसची गोष्ट. ती तुम्हाला बहुतेक ऐकायला मिळेल, आणि तिचा खरा अर्थ लागण्यासाठी थोडे आधीच माहीत असलेले बरे. १९५३ मध्ये हॅरी मार्टिंडेल हा अठरा वर्षांचा शिकाऊ प्लंबर या घराच्या तळघरात शिडीवर चढून काम करत होता. त्याला तुतारीसारखा आवाज ऐकू आला. मग भिंतीतून एक सैनिक निघाला, त्यामागे एक घोडा, आणि त्यामागे दमलेल्या, मळलेल्या सैनिकांची रांग. तो शिडीवरून पडला आणि कोपऱ्यात अंग चोरून बसला. सैनिक गुडघ्यांपासून वरच दिसत होते. तळघरात एके ठिकाणी जमीन खणून रोमन रस्ता उघडा केलेला होता, तेथे आल्यावरच त्यांचे पाय दिसले. तो धावत वर आला, पण हसतील या भीतीने त्याने अनेक वर्षे ही गोष्ट फारशी कुणाला सांगितली नाही. पुढे तो पोलिसात गेला. सत्तरच्या दशकात त्याने सविस्तर वर्णन केले तेव्हा गोल ढालींचा उल्लेख काहींना चुकीचा वाटला, कारण रोमन ढाल म्हणजे चौकोनी हीच सर्वांची समजूत होती. परंतु रोमन सैन्यातल्या सहाय्यक तुकड्यांकडे तशा ढाली असत.

मी ही गोष्ट सर्वांत चांगली ऐकली ती फेब्रुवारीतल्या एका बुधवारी. आम्ही फक्त अकरा जण होतो. गाइडने आवाज चढवला नाही. ‘इथपर्यंत’ असे म्हणून त्याने हातातली काठी आडवी धरली आणि स्वतःच्या गुडघ्यांवर टेकवली, आणि काही क्षण तशीच ठेवली. आमच्यातल्या प्रत्येकाने, कुणीही न सांगता, आपल्या पायांकडे पाहिले. मी भुतांवर विश्वास ठेवते का, असे मला पुष्कळ जण विचारतात. मला एवढेच सांगता येते की, आपण उभे आहोत त्या फरसबंदीच्या खाली दुसरा रस्ता आहे आणि त्यावरून माणसे चालत गेली आहेत, हे मला पुस्तके वाचून कळले होते, आणि त्या क्षणी ते पायांना कळले.

गोष्ट संपल्यावर प्रश्न विचारायला संकोचू नका. ‘यातले कागदोपत्री किती आहे?’ हा प्रश्न चांगल्या गाइडला आवडतो. उच्चार समजला नाही तर नाव पुन्हा सांगायला सांगा. यॉर्कशरच्या बोलीत शब्दांचे शेवट गिळले जातात आणि स्थानिकांनाही पुन्हा विचारावे लागते. फेरी आवडली तर शेवटी गाइडला थोडी बक्षिसी देता येते, पण ती सक्ती नाही.

१०. मुले आणि ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर

सात-आठ वर्षांखालच्या मुलांना इंग्रजीतली तासाभराची गोष्ट उभ्याने ऐकवत नाही. त्यांच्यासाठी दुपारची फेरी पुरे. मोठ्या मुलांना आदल्या रात्री मार्टिंडेलची गोष्ट मराठीत सांगा. मी भाच्याला ती सांगितली होती, आणि दुसऱ्या दिवशी गाइडच्या आधी तोच ढाली गोल होत्या असे बोलून गेला.

चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी असेल तर फेरीवाल्यांना आधी कळवा. घाटावर उतार आहे, बोळांत पायऱ्या येऊ शकतात, आणि दगडी फरसबंदीवर चाके हिसके देतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी घडीचे छोटे स्टूल आणावे. माझी आई दुसऱ्या खेपेला ते घेऊन आली आणि शेवटपर्यंत टिकली.

११. परतताना

फेरी संपते ती बहुधा सुरू झालेल्या जागी नव्हे, तर मिन्स्टर किंवा शॅम्बल्सच्या आसपास. तेथून दिव्यांच्या मुख्य रस्त्यांनी ऊझ ब्रिजकडे या. नदीकाठच्या पायवाटेने जवळ पडेल असे फोनवरचा नकाशा सांगेल, तो ऐकू नका. रात्री त्या वाटा अंधाऱ्या असतात, पावसानंतर काठ शेवाळलेला असतो आणि पाणी थंड व ओढीचे असते. या नदीत रात्री पडून माणसे बुडाली आहेत.

पूल ओलांडून मिकलगेटचा चढ चढा. वर टोकाला वेस आहे, तीच मिकलगेट बार. १४६० मध्ये वेकफिल्डच्या लढाईत मारल्या गेलेल्या यॉर्कच्या ड्यूक रिचर्डचे डोके कागदी मुकुट घालून हिच्यावर लावले होते, आणि अकरा दशकांनंतर पर्सीचेही येथेच होते. कमानीखालून बाहेर पडल्यावर उजवीकडे वळा आणि तट उजव्या हाताला ठेवून चालत राहा. सात-आठ मिनिटांत स्टेशनचे दिवे दिसतात. लीड्सच्या गाडीचा फलाट शेवटच्या क्षणी बदलू शकतो, म्हणून स्टेशनातल्या पुलावर न चढता आधी फलक पाहा.